‘नॉरलन’ : एका दिशावाचक शब्दाची हकिगत

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या अगदी उत्तरेस ‘सदरलंड’ नावाचा परगणा आहे. या नावाचा अर्थ मात्र ‘दक्षिणेकडील भूमी’ असा होतो. ऑर्कनी बेटांत व केथनेसमध्ये वसलेल्या नॉर्स लोकांनी हे नाव दिले, आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. दिशांची नावे नेहमी कोणाच्या तरी उंबरठ्यावरून पडलेली असतात.

‘नॉरलन’ हा स्कॉट्स भाषेतील शब्द असाच दक्षिणेत उभे राहून उत्तरेकडे पाहणाऱ्यांचा होय. ‘नॉर्थ’ आणि ‘लँड’ यांचा हा जोडशब्द. उच्चारात मधला ‘थ’ गळाला, पुढे शेवटचा ‘ड’ही गेला. उत्तरेकडील मुलूख हा त्याचा अर्थ, पण वारा, बोली, माणूस यांचे विशेषण म्हणूनही तो येतो. ‘हायलंड’शी त्याची गल्लत करू नये. हायलंड म्हणजे डोंगराळ प्रदेश, गेलिक भाषेचे जुने माहेर. अँगस किंवा ॲबरडीनचा किनारा डोंगराळ नाही, तेथील बोली स्कॉट्सच आहे. तरीही एडिंबरोकराच्या लेखी तो नॉरलनच.

अठराव्या शतकापासून छापील पुस्तकांत अशा शब्दांच्या अखेरीस लोपचिन्ह देण्याची रीत पडली. जणू काही स्कॉट्स ही अक्षरे गाळलेली इंग्रजीच! एडिंबरोच्या मेकर्स क्लबने 1947 साली मान्य केलेल्या लेखननियमांत ही चिन्हे वगळण्याचा आग्रह धरला, तो याच कारणाने.

हा शब्द सर्वतोमुखी झाला तो व्हायोलेट जेकब (1863–1946) यांच्या कवितेमुळे. अँगसमधील माँट्रोझजवळच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. पती लष्करात असल्याने 1895 ते 1900 या काळात त्या मध्य भारतातील महूच्या छावणीत राहिल्या. (याच महूत 1891 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला होता.) तेथील वनस्पतींची त्यांनी चित्रे काढली, रोजनिशी लिहिली. पुढे 1915 साली त्यांचा ‘साँग्ज ऑफ अँगस’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील एका कवितेत दूर दक्षिणेत राहणारा मनुष्य उत्तरेच्या वाऱ्याला गावाकडची खबर विचारतो. कवितेचे छापील नाव ‘रानहंस’ अशा अर्थाचे आहे. जिम रीड यांनी तिला चाल लावली, 1984 साली ती ध्वनिमुद्रिकेवर आली आणि आता गाणारे तिला ‘नॉरलन वारा’ याच नावाने ओळखतात.