इंग्रजीच्या तासाला प्रयोजनाची जोड : रोडपाली परिसराच्या संदर्भात

माध्यमिक शाळेतील इंग्रजीचा तास नीरस होतो, ही तक्रार जुनी आहे. तिच्यावर गाणी, खेळ, चित्रे, नाट्यप्रवेश असे उपाय सुचविले जातात. त्यांनी तास रंजक होतो यात शंका नाही. परंतु रंजक झालेला तास सजीव झालाच असे म्हणता येत नाही. चित्र पाहून विद्यार्थी हसला, पण त्याला इंग्रजीत काही सांगण्याची वा विचारण्याची गरज भासली नाही, तर भाषेच्या दृष्टीने तो तास कोराच गेला. पाठाला जिवंतपणा येतो तो प्रयोजनाने, हे ध्यानी घेतल्यावाचून या प्रश्नाचा उलगडा होणार नाही.

पनवेल तालुक्यातील रोडपालीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सिडकोने वसविलेल्या कळंबोलीला लागून असलेले हे मूळचे गाव. एका बाजूस आगरी बोलीची जुनी वस्ती, दुसऱ्या बाजूस नोकरीधंद्यानिमित्त देशाच्या नाना भागांतून आलेली कुटुंबे. जवळच पोलाद बाजार, मालमोटारींची अखंड वर्दळ आणि मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचे टोक. अशा परिसरातील विद्यार्थ्याच्या दृष्टीस इंग्रजी रोज पडते : दुकानांच्या पाट्यांवर, मालाच्या वेष्टनांवर, स्थानकावरील फलकांवर. शाळेबाहेर ज्या भाषेला पदोपदी काम आहे, तिला वर्गात मात्र उत्तरे पाठ करण्यापलीकडे काम उरत नाही.

हा प्रश्न अध्यापनाच्या वर्षांचा नव्हे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. म्हणजे नववीतील विद्यार्थ्याने आठ वर्षे इंग्रजीचे पाठ घेतलेले असतात. एवढे होऊनही अनोळखी माणसाला साधा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्याला होत नसेल, तर दोष पद्धतीत शोधावयास हवा. ज्याच्या घरी इंग्रजी जाणणारे कोणी नाही, त्याच्यापुढे उद्या अर्ज, मुलाखत आणि महाविद्यालयीन व्याख्यान यांचे दरवाजे उभे असतात. त्याच्यासाठी वर्ग हेच बोलून पाहण्याचे एकमेव ठिकाण होय.

पद्धतींचा इतिहास थोडक्यात पाहू. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाचावयास शिकविले. त्या परंपरेत नियम आधी आणि वाक्य मागाहून येई. १९५० नंतरच्या दशकात संरचनात्मक पद्धती आली : सोपी वाक्यरचना आधी, कठीण नंतर, आणि प्रत्येकीचा भरपूर सराव. हैदराबाद येथे १९५८ साली स्थापन झालेल्या इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे मोठे कार्य केले. दोन्ही पद्धतींत शिस्त होती. उणीव होती ती एवढीच की, वाक्य कशासाठी उच्चारावयाचे हे विद्यार्थ्याला उमगत नसे.

या उणिवेवर बोट ठेवले ते एन. एस. प्रभू यांनी. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर व मद्रास येथील शाळांत त्यांनी आपला प्रयोग चालविला. मन अर्थाच्या शोधात गुंतले असता व्याकरण नकळत आत्मसात होते, हे त्यामागील गृहीतक. वर्गाला द्यावयाची ती वाक्ये नव्हेत, तर समस्या : वेळापत्रक, नकाशा, हिशेब. बेरेट्टा आणि डेव्हिस यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनाने प्रयोगाला सावधपणे अनुकूल कौल दिला. येथे ध्यानात ठेवावयाची गोष्ट अशी की, प्रभूंचा भर गटचर्चेवर नव्हता. शिक्षकाने संपूर्ण वर्गाशी प्रश्नोत्तरे करावी आणि मग प्रत्येकाने स्वतंत्रपणे तशीच दुसरी समस्या सोडवावी, असा क्रम असे. म्हणून भरगच्च वर्गांतही ही रीत चालू शकते.

रोडपालीच्या वर्गात हा पाठ कसा घेता येईल? मानसरोवर हे हार्बर मार्गावरील जवळचे स्थानक. शिक्षकाने फळ्यावर त्या मार्गाच्या वेळापत्रकाचा तुकडा लिहावा आणि इंग्रजीत प्रश्न मांडावा : एका गृहस्थांना दहाच्या आत दादरला पोहोचावयाचे आहे, त्यांनी कोणती गाडी धरावी? पनवेलकडून मुंबईस जाणारी ही गाडी दादरला जात नाही. कुर्ल्यास गाडी बदलावी लागते. विद्यार्थ्याला हे अनुभवाने ठाऊक असते. त्याला हवे असतात ते फक्त शब्द. तो म्हणेल, ‘ही रीच दादर.’ शिक्षकाने न थांबविता म्हणावे, ‘येस, ही विल रीच दादर बिफोर टेन.’ दुरुस्ती झाली, पण विचाराचा धागा तुटला नाही. त्यानंतर ठाण्याचा प्रवास ज्याने त्याने वहीत सोडवावा.

मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवण्याचेही कारण नाही. ‘वाघाने मुलाला पाहिले’ आणि ‘मुलाला वाघाने पाहिले’ यांचा अर्थ मराठीत एकच राहतो, कारण प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात. इंग्रजीत मात्र दोन्ही नामांची जागा बदलताच मुलाने वाघाला पाहिले असे होते. ही तुलना विद्यार्थ्यांनाच करू द्यावी. आगरी बोलीतील वाक्यही फळ्यावर यावे. शब्दक्रमाचा नियम तेव्हा पाठांतराचा विषय न राहता शोधाचा होतो.

अखेरचा प्रश्न परीक्षेचा. मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषांसाठी अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण नव्हते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि २०१९-२० पासून ते गुण पुन्हा सुरू झाले. त्या चर्चेत निकालाचा विचार पुष्कळ झाला. बोलण्याच्या शिक्षणाचा तितका झाला नाही. तोंडी परीक्षा जर पाठ केलेल्या परिच्छेदाचीच असेल, तर तिचे गुण मिळाले काय किंवा गेले काय, विद्यार्थ्याची वाचा मुकीच राहणार. उलट तिच्यात एखादे वेळापत्रक समोर ठेवून दोन प्रश्न विचारले गेले, तर वर्षभराच्या तासांना आपोआप दिशा मिळेल. शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनासाठी येथे विस्तृत क्षेत्र आहे, आणि त्याचा आरंभ स्थानकावरील एका फलकापासूनही करता येईल.