झोपेसाठी अश्वगंधा : घेण्याआधी एवढे तपासा

“ताई, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. शेजारणीने अश्वगंधा सांगितली आहे, घेऊ का?” वस्तीतल्या आरोग्य तपासणीच्या दिवशी हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. विचारणाऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या भगिनी असतात, रात्रपाळीचे वॉचमन असतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेही असतात.

मागे एक ताई पिशवीतून दोन वस्तू घेऊन आल्या. एक थायरॉइडच्या गोळ्यांची पट्टी, दुसरी अश्वगंधाच्या कॅप्सूलची बाटली. बाटलीला त्यांची चार दिवसांची मजुरी गेली होती. छातीत धडधड, हाताला कंप, आणि झोप होती तीही गेलेली. “झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार?” म्हणून त्यांनी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. कॅप्सूल बंद झाली, रक्त तपासले गेले, गोळीची मात्रा पुन्हा ठरवली गेली. काही आठवड्यांत धडधड थांबली.

अश्वगंधा म्हणजे आपल्याकडचे आस्कंद. औषधात त्याचे मूळ वापरतात. ओल्या मुळाला घोड्यासारखा वास येतो, म्हणून हे नाव. झोपेसाठी त्याचा उपयोग होतो का? थोडा होतो. २०२१ साली पाच चाचण्या एकत्र करून सुमारे ४०० लोकांची माहिती तपासली गेली. झोपेत सुधारणा दिसली, पण ती लहान होती. रोज ६०० मिलिग्रॅम किंवा जास्त अर्क, तोही किमान आठ आठवडे घेणाऱ्यांत फरक अधिक दिसला. म्हणजे आज घेतली आणि आजच झोप लागली, असे हे औषध नाही. शिवाय त्या चाचण्या अर्काच्या होत्या. अर्क आणि चूर्ण यांची मात्रा वेगळी असते, त्यामुळे डब्यावरचा आकडा पाहून चमच्याने अंदाज करू नये.

आता दुसरी बाजू. अश्वगंधा घेणाऱ्या काही लोकांना कावीळ झाल्याच्या नोंदी भारतासह अनेक देशांत आहेत. बहुतेक जण औषध बंद केल्यावर बरे झाले. पण ज्यांचे यकृत आधीच खराब होते, त्यांच्यापैकी काहींचा मृत्यूही झाला. असे क्वचित घडते. पण डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज, मळमळ यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी औषध बंद करून दवाखाना गाठा.

पुढील लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अश्वगंधा घेऊ नये :

• थायरॉइडचे रुग्ण. अश्वगंधाने थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते.
• मधुमेह किंवा बीपीची गोळी चालू असलेले. साखर आणि बीपी गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.
• झोपेच्या, फिटच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे. गुंगी वाढते.
• यकृताचा आजार असलेले, रोज दारू पिणारे, आणि शस्त्रक्रिया ठरलेले.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी तर घेऊच नये.

विकत घेताना डब्यावर परवाना क्रमांक, घटक, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख पाहा. सुटी, बिननावाची पुडी नको. तिच्यात काय मिसळले आहे हे कळत नाही. एका रात्रीत गाढ झोप देणारी ‘जडीबुटी’ असेल तर जास्तच सावध राहा. तिच्यात झोपेच्या गोळीची भेसळ असू शकते.

पण बंधू-भगिनींनो, खरा प्रश्न त्याआधीचा आहे. झोप का लागत नाही? दुपारनंतरचा चहा, झोपताना लावलेली मशेरी, अंथरुणातला मोबाइल ही रोजची कारणे. दारूने डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्री उघडतो. रक्तात लोह कमी असेल तर रात्री पाय वळवळतात. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघून जाग येते. मोठ्याने घोरणाऱ्याचा श्वास झोपेत अडकत असू शकतो. आणि कर्जाची, मुलांच्या नोकरीची, घरातल्या मारहाणीची चिंता असेल, तर कुठल्याही मुळीने ती मिटत नाही.

म्हणून आधी दोन आठवडे हे करून पाहा. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. दुपारनंतर चहा आणि संध्याकाळनंतर मशेरी बंद करा. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जा. वीस मिनिटांत आली नाही तर उठून बसा. रात्रपाळीवाल्यांनी दिवसा खिडकीला जाड चादर लावून अंधार करावा, आणि घरच्यांनी ती झोप मोडू नये.

आठवड्यातून तीन रात्री किंवा जास्त, असे तीन महिने चालले असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. मन खचले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. त्यात लाज कसली?

ऐकीव गोष्ट तपासूनच स्वीकारायची, हे आपण विहारात शिकतो. तीच कसोटी औषधाच्या डब्यालाही लावा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे आणि काढे एका पिशवीत घालून न्या, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी ती पिशवी त्यांच्यापुढे उघडा.