ओशोंना सोडून गेलेली माणसं एकमेकांच्या उलट का बोलतात?

कळंबच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघणारा पोरगा असो की हिंजवडीत नोकरी करणारी मुलगी, मोबाईलवर कधी ना कधी ओशोंचं रील आलेलंच असतं. पांढरी दाढी, संथ आवाज आणि विचार करायला लावणारं एखादं वाक्य. अंगठा वर सरकवला की पुढच्या रीलमध्ये ९३ रोल्स रॉईस, विषप्रयोग आणि अमेरिकेतली अटक.

मग खरं काय? भक्त कौतुकच करणार, विरोधक टीकाच करणार. त्यामुळे वाटतं की जे आत राहून बाहेर पडले त्यांनाच विचारावं. पण गंमत अशी की, बाहेर पडलेल्यांचंही एकमत नाही.

आधी थोडक्यात गोष्ट

रजनीश चंद्रमोहन जैन यांचा जन्म १९३१ चा, मध्य प्रदेशातल्या कुचवाड्याचा. जबलपूरला ते तत्त्वज्ञान शिकवायचे. १९७० मध्ये मुंबईत आले आणि त्याच वर्षी त्यांनी शिष्यांना 'नवसंन्यास' द्यायला सुरुवात केली. भगवे कपडे आणि गळ्यात गुरूचा फोटो असलेली माळ, ही या संन्याशांची ओळख. १९७४ मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात आश्रम उभा राहिला.

१९८१ मध्ये ते अमेरिकेला गेले. ओरेगॉन राज्यात सुमारे ६४ हजार एकरांवर शिष्यांनी 'रजनीशपुरम' वसवलं. १९८४ मध्ये तिथल्या काही लोकांनी जवळच्या द डॅलस गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले. ७५१ लोक आजारी पडले. पुढच्याच वर्षी सगळा डोलारा कोसळला. ओशोंनी इमिग्रेशनच्या दोन आरोपांमधली शिक्षा मान्य केली, ४ लाख डॉलर दंड भरला आणि अमेरिका सोडली. विषप्रयोगाचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला नाही. १९ जानेवारी १९९० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

चार माणसं, चार निकाल

विनोद खन्ना यांनी ऐन भरात सिनेमा सोडला आणि ओरेगॉनमध्ये माळीकाम केलं. पुढे ते मुंबईला परतले, १९८७ च्या 'इन्साफ'मधून पुन्हा पडद्यावर आले. आश्रम सुटला, पण ओशोंबद्दल ते आदरानेच बोलत राहिले.

दिग्दर्शक महेश भट्ट यांचं उलट. ते एके काळी शिष्य होते. नंतर आपण गळ्यातली माळ तोडून कमोडमध्ये टाकली, असं त्यांनी स्वतःच मुलाखतींमध्ये सांगितलं आहे.

स्कॉटलंडचे ह्यू मिल्न हे ओशोंचे अंगरक्षक. १९८२ मध्ये ते बाहेर पडले आणि १९८६ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच 'अपयशी ठरलेला देव' असे शब्द आहेत.

आणि मा आनंद शीला. ओशोंच्या सेक्रेटरी, रजनीशपुरमच्या सर्वेसर्वा. सप्टेंबर १९८५ मध्ये त्या युरोपला निघून गेल्या, तेव्हा ओशोंनी पत्रकारांसमोर गुन्ह्यांचं सगळं खापर त्यांच्यावर फोडलं. शीलांनी कोर्टात विषप्रयोगासह अनेक गुन्हे कबूल केले, तुरुंगवास भोगला. तरीही २०१८ च्या 'वाइल्ड वाइल्ड कंट्री' या मालिकेत त्या ओशोंबद्दल प्रेमानेच बोलतात.

असं का होतं?

पहिलं कारण म्हणजे काळ. १९७५ चं पुणे आणि १९८४ चं ओरेगॉन या दोन वेगळ्या जागा होत्या. पुण्यात सकाळचं प्रवचन आणि ध्यान. ओरेगॉनमध्ये बंदूकधारी पहारेकरी आणि चोरून ऐकले जाणारे फोन. जो ज्या वर्षी होता, त्याने त्या वर्षीचे ओशो पाहिले.

दुसरं कारण अंतर. प्रवचनाला बसणाऱ्याला फक्त शब्द ऐकू येतात. पैसा, भांडणं आणि सत्ता दिसते ती खोलीच्या आतल्या माणसाला.

तिसरं कारण, माणसाने स्वतः काय मोजलं. आयुष्याची दहा वर्षं दिलेल्या माणसाला 'ती सगळी वाया गेली' म्हणणं सोपं नसतं. तसंच, फसवणूक झाल्याची खात्री पटल्यावर जुने चांगले दिवसही खोटे वाटू लागतात.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्टुअर्ट राइट यांनी १९८० च्या दशकात इतर काही पंथांमधून स्वतःहून बाहेर पडलेल्या ४५ जणांचा अभ्यास केला. त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश लोकांचं म्हणणं होतं की या अनुभवाने आपण शहाणे झालो. स्वतःला फसवलेलं किंवा चिडलेलं म्हणणारे थोडेच होते. म्हणजे, सोडून जाणारा प्रत्येक जण शत्रू होऊनच जातो असं नाही.

मुलांचं काय?

वरची चारही माणसं मोठी होती. स्वतःच्या पायाने गेली, स्वतःच्या पायाने निघाली. पण आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं. ब्रिटिश लेखक टिम गेस्ट यांचं बालपण अशाच कम्यूनमध्ये गेलं. २००४ च्या आत्मकथनात त्यांनी सगळ्यांच्या गर्दीत आईपासून तुटलेलं बालपण मांडलं. २०२४ च्या 'चिल्ड्रन ऑफ द कल्ट' या माहितीपटात तिथे वाढलेल्या महिलांनी लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल सांगितलं.

इथे 'मला तर तिथे शांती मिळाली' हे उत्तर चालत नाही. एकाला मिळालेली शांती खरी असेलही, पण त्याने दुसऱ्याची जखम खोटी ठरत नाही.

मग ऐकायचं कसं?

सोडून गेलेल्या माणसाचं बोलणं दोन भागांत ऐकावं. 'मला काय वाटलं' हा पहिला भाग, तो त्याचा त्याच्यापाशी. 'तिथे काय घडलं' हा दुसरा. हा दुसरा भाग मात्र तपासता येतो. कोर्टाची कागदपत्रं असतात, पैशांचे व्यवहार असतात, एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी सांगितलेली एकच गोष्ट असते. कृतज्ञता म्हणजे क्लीन चिट नाही आणि राग म्हणजे पुरावा नाही.

हा वाद आजही पुण्यात चालू आहे. आश्रमाचे दोन प्लॉट १०७ कोटींना विकायची परवानगी ट्रस्टने मागितली होती. २०२३ मध्ये धर्मादाय सहआयुक्तांनी ती नाकारली. विकायला निघालेले ओशोंचेच शिष्य होते आणि अडवणारेही ओशोंचेच.