हत्तींच्या गावात महाकाय पाहुणा

जीमेलवरून पाठवलेली मेल याहूच्या पत्त्यावर पोचते. एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फोन लागतो. यात आपल्याला काडीचंही नवल वाटत नाही. मग एक सांगा, तुम्ही एक्सवर आहात आणि तुमची मावसबहीण इन्स्टाग्रामवर, तर एक्सवर बसल्या बसल्या तिला फॉलो का करता येत नाही? तिचे फोटो बघायचे तर तिच्याच वाड्यात खोली घ्यावी लागते. नवं खातं, नवा पासवर्ड, न वाचता मान्य केलेल्या नव्या अटी. ही सक्ती इतकी अंगवळणी पडली आहे की ती सक्ती आहे हेच आपण विसरलो.

आता हा पत्ता वाचा : ॲट आशा ॲट मॅस्टोडॉन डॉट सोशल. एकाच पत्त्यात दोनदा ॲट! पहिला माणसाचा, दुसरा घराचा. लग्नपत्रिकेत नावापुढे 'रा. सातारा' असं छापतात ना, अगदी तसंच. आशा, रा. मॅस्टोडॉन डॉट सोशल. आणि समजा तिचा मित्र विनायक राहतो भलत्याच सर्व्हरवर. तो सर्व्हर कुणा हौशी माणसाने भाड्याने घेतलेला, दुसऱ्या देशात ठेवलेला. दोन्ही घरांचे मालक वेगळे, नियम वेगळे, एकमेकांची ओळखही नाही. तरी आशा विनायकला फॉलो करते आणि त्याचं लिखाण तिला घरबसल्या दिसतं. मध्ये कुठलीही मोठी कंपनी नाही. कसं काय जमतं हे?

आशाने 'फॉलो'चं बटण दाबलं की तिचा सर्व्हर विनायकच्या सर्व्हरच्या दारात जातो. प्रत्येक सर्व्हरवर चौकशीची एक ठरलेली खिडकी असते, तिला वेबफिंगर म्हणतात. तिथे विचारायचं, 'इथे विनायक राहतो का?' खिडकीतून उत्तर येतं, 'राहतो. हे त्याचं पान.' त्या पानावर दोन मोलाच्या गोष्टी असतात. एक, विनायकच्या टपालपेटीचा पत्ता. दुसरी, त्याच्या डिजिटल मोहोरेचा नमुना. उद्या विनायकच्या नावाने एखादा मजकूर आला, तर त्यावरचा ठसा या नमुन्याशी ताडून बघायचा. जुळला तर खरा, नाही तर तोतया.

मग पेटीत चिठ्ठी पडते. तिच्यातलं वाक्य शाळेच्या व्याकरणात शोभावं असं असतं. कर्ता : आशा. कर्म : विनायक. क्रियापद : फॉलो करणे. समोरून उलट चिठ्ठी येते : मान्य. झालं! यापुढे विनायकने काही लिहिलं की त्याची एक प्रत आशाच्या सर्व्हरवर आपोआप येऊन पडणार. आणि त्या सर्व्हरवर विनायकला फॉलो करणारे तीनशे जण असले तर? तीनशे प्रती पाठवायची गरज नाही. चाळीच्या तोंडाशी एक सामाईक पेटी असावी तशी सोय इथेही आहे. एकच प्रत येते, घरोघर वाटायचं काम चाळ बघते.

या व्याकरणाचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वर्ल्ड वाइड वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. लिही, फॉलो कर, पसंती दे, पुढे पाठव, मागे घे, अशी मोजकी क्रियापदं. पण त्यांची करामत बघा. हेच व्याकरण पीअरट्यूब नावाची व्हिडिओंची व्यवस्था बोलते आणि पिक्सेलफेड नावाची फोटोंची व्यवस्थाही. म्हणून मॅस्टोडॉनवरचा माणूस पीअरट्यूबवरचा व्हिडिओ आपल्याच घरात बसून बघतो, त्यावर शेरा मारतो, आणि तो शेरा तिकडे व्हिडिओखाली उमटतो. यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली फेसबुकच्या खात्यातून प्रतिक्रिया देण्यासारखंच हे! अशा सगळ्या घरांच्या मिळून झालेल्या विश्वाला म्हणतात फेडिव्हर्स.

यातलं सगळ्यात गजबजलेलं गाव मॅस्टोडॉनचं. ऑयगेन रोचको या जर्मनीतल्या तरुणाने ते २०१६मध्ये वसवलं. मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला भाऊबंद. पण रोचकोने हे नाव उचललं ते एका हेवी मेटल बँडवरून. हत्ती आला म्हटल्यावर इथल्या पोस्टला कित्येक वर्षं 'टूट' म्हणत, म्हणजे सोंडेतून फुंकलेली तुतारी. भारतात ही तुतारी ऐकू आली नोव्हेंबर २०१९मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने निलंबित केलं आणि रागावलेल्या भारतीयांचा एक लोंढा मॅस्टोडॉनकडे वळला. पुढे ऑक्टोबर २०२२मध्ये इलॉन मस्कने ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलं, तेव्हा जगभरातून त्याहून मोठा लोंढा आला.

इथे एक प्रश्न मनात येईलच. दार सगळ्यांना उघडं, मग नको असलेला कुणी आला तर? तसं झालंही. जुलै २०१९मध्ये अमेरिकेतलं गॅब हे अतिउजव्यांचं नेटवर्क मॅस्टोडॉनचाच कोड घेऊन आत आलं. कोड मुक्त परवान्याचा. रोचकोला अडवता येईना. पण प्रत्येक सर्व्हरच्या चालकाकडे एक कडी असते. नको त्या सर्व्हरचं नाव यादीत टाकायचं, की तिकडच्या चिठ्ठ्या पेटीत पडणं बंद. एकामागून एक घरांनी कडी लावली. कुठून फतवा निघाला नाही, कुणा मुख्याधिकाऱ्याची सही लागली नाही. गॅबला गावाबाहेर कुणी काढलं नाही, पण त्याच्याशी बोलायला फारसं कुणी उरलं नाही. राजा नसलेल्या गावाने हे आपसूक केलं!

आणि मग आला खरा महाकाय पाहुणा.

५ जुलै २०२३. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक मेटा कंपनी थ्रेड्स हे नवं ॲप आणते आणि सांगते, आम्हीही ॲक्टिव्हिटीपब बोलणार. पहिल्या पाच दिवसांत थ्रेड्सवर १० कोटी खाती उघडली गेली. एवढी माणसं मॅस्टोडॉनला सात वर्षांत मिळाली नव्हती. गावात दोन तट पडले. थ्रेड्स यायच्या आधीच कितीतरी सर्व्हरचालकांनी जाहीर करार केला होता : मेटा दिसली रे दिसली की कडी लावायची. रोचकोचं म्हणणं उलटं. एवढी मोठी कंपनी आपलं व्याकरण शिकते आहे, यातच आपला विजय आहे.

घाबरणाऱ्यांची एक भीती मात्र हे यंत्र कळलं की विरते. दहा कोटी माणसं एका रात्रीत अंगावर येतील, असं इथे होतच नाही. फॉलो केल्याशिवाय सहसा प्रत येत नाही, हे आठवा. तुमच्या सर्व्हरवरच्या कुणी थ्रेड्सवाल्याला बोलावलंच नाही, तर थ्रेड्सवर कितीही गर्दी असो, तुमच्या फीडमध्ये जवळजवळ शुकशुकाटच. आणि तुमच्या जाहीर पोस्ट वाचायच्या असतील तर मेटाला आत येण्याची गरजच काय? जाहीर म्हणजे जाहीर.

दुसरी भीती अशी, की मोठी कंपनी आत येईल, बहुतेकांना आपल्या घरात घेईल आणि मग दार लावून घेईल. ही मात्र खरी, आणि तिच्यामागे इतिहास आहे. १९९९मध्ये जेरेमी मिलर या अमेरिकन प्रोग्रॅमरने जॅबर नावाची गप्पांची व्यवस्था जगापुढे ठेवली. पुढे तिच्या भाषेला एक्सएमपीपी हे नाव पडलं. तिचीही रचना अशीच, घरं अनेक आणि भाषा एक. ऑगस्ट २००५मध्ये गूगलने याच भाषेत बोलणारं गूगल टॉक आणलं आणि २००६च्या जानेवारीत इतर सर्व्हरांसाठी दार उघडलं. आनंदीआनंद! जीमेलवरच्या मित्राशी आता आपल्या चिमुकल्या सर्व्हरवरून बोलता येऊ लागलं.

पुढे झालं ते कुठल्याही कटाशिवाय घडण्यासारखं आहे, आणि चक्रावून टाकणारं म्हणाल तर तेच. गप्पा मारणाऱ्यांतले पुष्कळ जण गूगलच्या घरात राहायला लागले. चार जणांच्या बिऱ्हाडात तिघे एकाच खोलीत असले, की घराचे निर्णय त्या खोलीत होतात. एक्सएमपीपीच्या मंडळींनी ठरवलं की १९ मे २०१४पासून सर्व्हरांमधलं सगळं बोलणं कूटबद्धच करायचं. उत्तम निर्णय. पण गूगल टॉकचे सर्व्हर इतर सर्व्हरांशी होणारं बोलणं कूटबद्ध करत नव्हते. मग छोट्या सर्व्हरवाल्याने काय करायचं? सुरक्षित व्हायचं तर जीमेलवरचे मित्र तोडायचे, मित्र राखायचे तर उघड्यावर बोलायचं. त्याआधी मे २०१३मध्येच गूगलने हँगआउट्स आणलं होतं, आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरांसाठी दार ठेवलेलंच नव्हतं. जीमेलवाल्यांना फारसा फरक पडला नाही. त्यांचे बहुतेक मित्र त्याच घरात होते. बाहेर उभे असलेल्यांना मात्र सगळं गाव एकाएकी सुनं झाल्यासारखं वाटलं.

पण भाषा मेली का? इथे थबकायलाच हवं. तुमच्या खिशातलं व्हॉट्सॲप उभं राहिलं ते याच एक्सएमपीपीच्या कुळातल्या एका मुक्त सर्व्हरवर, ईजॅबरडीवर, त्यात आपल्या सोयीचे बदल करून. म्हणजे कुणाशीही बोलता यावं म्हणून घडवलेली भाषा जगातल्या सगळ्यात मोठ्या बंद वाड्यांपैकी एकात नांदली! व्याकरण मुक्त असलं म्हणून दार उघडं राहतंच असं नाही.

मग मोठ्यांना दारातच अडवावं का? थांबा, नाण्याची दुसरी बाजू टेलिफोनने दाखवली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेलची एटी अँड टी ही बलाढ्य कंपनी होती आणि गावोगावी हजारो छोट्या टेलिफोन कंपन्या. बेल त्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारा वापरू देईना. दुकानदारांच्या मेजावर दोन-दोन फोन असत, एक बेलच्या गिऱ्हाइकांसाठी आणि एक दुसऱ्या कंपनीच्या. शेवटी सरकारी खटल्याच्या दडपणाखाली १९१३मध्ये एटी अँड टीने लेखी कबूल केलं, की छोट्या कंपन्यांनाही आमच्या लांब पल्ल्याच्या तारांना जोडून घेऊ. तिथे छोट्यांचा जीव जात होता तो थोरला दारात आल्यामुळे नव्हे, त्याने पाठ फिरवल्यामुळे! आज आपल्याकडे एका सिमवरून दुसऱ्यावर फोन लागतो, तोही कंपन्यांच्या आपसातल्या प्रेमापोटी नाही. जोडणी द्यायची हे परवान्याच्या अटीतच लिहिलेलं असतं.

ईमेलचं काय झालं? तिथेही थोरले आले आणि बहुतेकांच्या पेट्या दोन-चार कंपन्यांकडे गेल्या. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याला आज विचारा. त्याचं प्रामाणिक पत्रसुद्धा स्पॅमच्या टोपलीत जाऊ नये म्हणून त्याला बरीच खटपट करावी लागते. तरीही दार बंद झालेलं नाही. जीमेलला ते बंद करणं परवडणारच नाही. बँक, कॉलेज, सरकारी कचेरी, सगळे बाहेर आहेत. बाहेर इतकं जग शिल्लक आहे, म्हणून आतल्याला दार उघडं ठेवावं लागतं.

उत्तर इथेच सापडतं, नाही का? एक्सएमपीपीला पाहुणा भोवला, ईमेल त्याला पुरून उरली. व्याकरण दोन्हीकडे मुक्त होतं. फरक पडला तो बाहेर किती वस्ती उरली याने. म्हणून माझा कौल असा : थोरल्यांनी यावं, जरूर यावं. पण आपण सगळ्यांनी त्यांच्याच घरात मुक्काम हलवू नये.

थ्रेड्सने २०२४च्या मार्चमध्ये अमेरिका, कॅनडा आणि जपानमधल्या वापरणाऱ्यांना आपल्या पोस्ट फेडिव्हर्सकडे धाडायची मुभा दिली. पण हवी असेल त्यानेच ती चालू करायची. दार उघडलं खरं, पण दिंडी दरवाजाएवढं. ते मोठं होतंय की लहान, यावर गावाने नजर ठेवायची.

त्याहून महत्त्वाची आहे घर बदलण्याची सोय. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं आपल्याकडे जानेवारी २०११पासून देशभर शक्य झालं, आणि गिऱ्हाइकाला टिकवून ठेवायची कंपन्यांची धडपड वाढली. मॅस्टोडॉनवर याच जातीची गंमत आहे. आशाने सर्व्हर बदलला की तिला फॉलो करणारे आपोआप तिच्या नव्या पत्त्याला जोडले जातात. जुन्या पोस्ट मात्र जुन्या घरीच राहतात. सामान सुटतं, गोतावळा बरोबर येतो. थ्रेड्स फेडिव्हर्सला जोडलं गेलं तेव्हा ही सोय तिथे नव्हती.

हे सगळं परदेशातल्या हौशी मंडळींपुरतं आहे असं समजू नका. वर्डप्रेस डॉट कॉमवर मराठी ब्लॉग लिहिणाऱ्यालाही ऑक्टोबर २०२३पासून सेटिंगमध्ये एक कळ दाबून आपला ब्लॉग या विश्वाला जोडता येतो. मग लेख प्रसिद्ध केला की मॅस्टोडॉनवरच्या वाचकाच्या घरी त्याची प्रत जाऊन पडते आणि त्याने दिलेलं उत्तर लेखाखाली प्रतिक्रिया म्हणून उमटतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही नव्या ॲपवर खातं उघडाल, तेव्हा आत काय काय आहे हे बघण्याआधी एकच प्रश्न विचारा : इथून निघायचं ठरवलं, तर माझी माणसं माझ्याबरोबर येतील का?