छोट्या लाईनचा उरलेला घाट

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत ‘छोटी लाईन’ म्हटलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. मीटरगेजची ती गाडी महू, पातालपाणी, कालाकुंड करत घाट उतरायची, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडायची, खांडव्याहून मेळघाटच्या जंगलात शिरायची आणि अकोल्याला जाऊन टेकायची. पुढे वाशिम, हिंगोली, पूर्णा. मीनाक्षी एक्स्प्रेस हे नाव आमच्या सासूबाईंच्या पिढीत एखाद्या नातेवाइकासारखं घेतलं जातं. वऱ्हाडातली माहेरं आणि माळव्यातली सासरं या एका रुळानं बांधलेली होती.

आता तो रूळ सलग राहिलेला नाही. अकोला-पूर्णा मोठी लाईन झाली, अकोला-अकोट झाली. मधल्या मेळघाटात, रेल्वे वाघांच्या जंगलातून न्यावी की बाहेरून, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. २०२३ सालच्या सुरुवातीला महूकडची छोटी लाईनही रुंदीकरणासाठी बंद झाली. नवी मोठी लाईन घाटाचा चढ टाळून वेगळ्या वाटेनं जाते, म्हणून पातालपाणी ते कालाकुंड हा साधारण दहा किलोमीटरचा तुकडा वारसा म्हणून तेवढा ठेवलाय. दोन्ही टोकांना कुठेच न जोडलेला. त्यावर २०१८च्या नाताळापासून पर्यटकांची हेरिटेज ट्रेन धावते, मध्ये कोविडचा खंड सोडला तर.

सहलीचा विषय आमच्याकडे निघाला तो बडोद्याच्या नणंदेमुळे. तिला सगळ्यांनी मिळून ‘कुठल्यातरी जुन्या गाडीनं’ जायचं होतं. तिचं मत बिलिमोरा-वघईला. गायकवाडांच्या काळात, १९१३ साली सुरू झालेली ती नॅरोगेज, त्रेसष्ट किलोमीटर, डांगच्या जंगलापर्यंत जाते. बडोदेकरांना नॅरोगेजचा अभिमान असणं साहजिकच आहे. डभोईची लाईन १८६२ सालची आणि सुरुवातीला तिच्यावरचे डबे चक्क बैल ओढायचे! मोठ्या दिरांचं म्हणणं माथेरान. १९०७ सालची दोन फुटी गाडी, मुलांना इंजिनच खेळण्यासारखं वाटेल. दोन्ही चांगलेच पर्याय. पण इंदूरहून बिलिमोऱ्याला किंवा नेरळला जायचं म्हणजे शनिवार-रविवार येण्याजाण्यातच संपतो. शिवाय ह्या सगळ्या चर्चेत सासूबाई गप्प होत्या. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, ‘मी घरीच बरी’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, “कालाकुंडाचा घाट अजून आहे का गं?”

त्यांचं माहेर अकोल्याचं. १९६८ साली लग्न होऊन त्या ह्याच घाटानं वर आल्या. टाळेबंदीत त्यांचे धाकटे भाऊ गेले, तेव्हा जाता आलं नाही. त्यानंतर त्यांनी अकोल्याचा विषय फारसा काढलाच नव्हता. प्रश्न ऐकल्यावर नणंदेनं बिलिमोरा पुढच्या खेपेला ढकललं आणि स्वतःच इंदूरची तिकिटं काढली.

मग खरी तयारी सुरू झाली. इथे थोडं तपशिलात सांगते, कारण नेटावर फोटो भरपूर मिळतात, पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन कसं जायचं ते कोणी लिहीत नाही.

पहिली गोष्ट, गाडी रोज नसते. साधारणपणे शनिवार-रविवारी धावते आणि तिचा खरा मोसम पावसाळा आणि त्यानंतरचे एकदोन महिने. उन्हाळ्यात डोंगर भाजलेले असतात आणि धबधब्याच्या जागी नुसता खडक. आम्ही सप्टेंबरचा तिसरा आठवडा धरला. मुसळधार पाऊस ओसरलेला, हिरवळ मात्र टिकून. वेळापत्रक आणि फेऱ्या मोसमागणिक बदलतात, तेव्हा आयआरसीटीसीवर तारीख टाकून पाहिल्याशिवाय घरात कोणाला शब्द देऊ नका. पावसाळ्यातल्या रविवारच्या जागा पटापट भरतात, शनिवार त्या मानानं सोपा.

दुसरं, डबा. एसी विस्टाडोम डब्याला मोठमोठ्या काचा आणि मऊ खुर्च्या. साध्या डब्याला उघड्या खिडक्या. आम्ही गेलो तेव्हा साध्या डब्याचं तिकीट वीस रुपयांच्या घरात होतं, एसीचं त्याच्या दहापटीहून जास्त. ह्यांना आईसाठी एसी हवा होता. सासूबाईंनी ऐकलं नाही. काचेतून घाट काय बघायचा, वारा लागला पाहिजे, म्हणाल्या. मग जाताना साधा आणि येताना एसी अशी तडजोड झाली, आणि मला आता तीच योग्य वाटते. सकाळी माणूस ताजा असतो, परतताना पाठ टेकायला बरी जागा लागते.

तिसरं, महूहून पातालपाणीपर्यंत आता गाडीनं येता येत नाही, रस्त्यानंच जावं लागतं. इंदूरहून पस्तीसएक किलोमीटर, पण महूच्या पुढे रस्ता अरुंद आहे. शनिवारी सहलीवाल्यांची गर्दी धरून दोन तास हाताशी ठेवा. गाडी अकराच्या सुमारास सुटते. आम्ही आठला पोहे खाऊन निघालो. सोबत पाण्याच्या बाटल्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुडघ्याचा पट्टा आणि प्लास्टिकचं एक बुटकं स्टूल. ह्या स्टुलावर मुलं हसली. पण जिथे फलाटाची उंची आणि डब्याची पायरी जमत नाही तिथे तेच उपयोगी पडतं. आमच्याकडून ते नंतर दोन अनोळखी आजींनीही मागून घेतलं.

मुलांना तयार करणं वेगळंच काम होतं. माझा चौदा वर्षांचा मुलगा म्हणाला, “दहा किलोमीटरला दोन तास? मी सायकलवर पुढे जाईन.” वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याला मी ही लाईन कशी झाली ते सांगितलं. इंदूरपर्यंत रेल्वे यावी म्हणून महाराज दुसरे तुकोजीराव होळकर ह्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजानं, एकशे एक वर्षांच्या मुदतीवर. खांडवा ते इंदूर हे काम १८७४ ते १८७८च्या दरम्यान टप्प्याटप्प्यानं पुरं झालं. इंदूरचं पहिलं इंजिन हत्ती ओढत आणताहेत, असं एक जुनं छायाचित्र प्रसिद्ध आहे, तेही दाखवलं. संस्थानिकानं इंग्रजाला कर्ज द्यावं, हे काही त्याच्या पुस्तकात नव्हतं. तो सायकलचं विसरला आणि व्याज किती होतं ते मोबाईलवर काढत बसला.

आता घाट. इथला चढ चाळीसास एक, म्हणजे चाळीस फूट गेलं की एक फूट वर. मोटारवाल्याला हे काहीच वाटणार नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असताना तो भारी चढ आहे. म्हणून पूर्वी खालून येणाऱ्या गाडीला कालाकुंडला जादा इंजिन लागायचं, आणि तेवढा वेळ गाडी थांबायची. त्या थांब्यात गावाचं नाव झालं ते कलाकंदानं. पळसाच्या पानांच्या द्रोणातला, दाणेदार, फार गोड नसलेला कलाकंद. मालगाड्या गेल्या, मीनाक्षी गेली, पण द्रोण अजून मिळतो. मिठाईवरून गावाचं नाव पडलं की गावावरून मिठाईचं, ह्यावर आमच्या डब्यात बरंच भांडण झालं. निकाल लागला नाही.

पातालपाणी सोडल्यावर गाडी लगेच हळू होते. एका वळणावर धबधबा दिसावा म्हणून थांबते. धबधब्याविषयी एक स्पष्ट सांगायला हवं. तो बघायचा तो वरूनच, कठड्याच्या आतून. २०११च्या जुलैत इथे अचानक पाणी चढलं आणि सहलीला आलेल्या एका कुटुंबातली माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. मुलांना हे घरीच सांगून ठेवा, तिथे पोचल्यावर कोणी ऐकत नाही.

जवळच टंट्या भिलांचं देऊळ आहे. इंग्रज सरकारशी आणि सावकारांशी झुंजलेला हा भिल्ल वीर; ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी गेला. त्याचा देह इथेच रुळांपाशी आणून टाकला, असं इकडचे लोक मानतात. टंट्या मामाला मान देण्यासाठी गाड्या इथे क्षणभर थांबायच्या, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. सासूबाईंनी बसल्या जागेवरून हात जोडले. त्यांना ते आठवत होतं, आम्हाला देऊळ शोधावं लागलं.

मग बोगदे सुरू होतात. चार आहेत. लहानमोठे पूल एक्केचाळीस. मी मोजायचं ठरवलं होतं, अकराव्यानंतर सुटले. बोगद्यात सगळा डबा ओरडतो, तो अगदी अनोळखी माणसांनी मिळून केलेला दंगा असतो आणि त्याला वय नसतं. सासूबाई ओरडल्या नाहीत. खिडकीच्या गजाला धरून बसल्या होत्या. दुसऱ्या बोगद्यानंतर माझ्या मुलीला त्या सांगायला लागल्या. लग्नाच्या प्रवासात त्यांना रडू आवरेना, तेव्हा धाकटा भाऊ पाठराखण म्हणून सोबत होता, नऊ वर्षांचा. त्यानं प्रत्येक बोगद्यात अंधार झाला की त्यांच्या हातावर एक लिमलेटची गोळी ठेवली. उजेड झाला की काहीच न केल्यासारखा खिडकीबाहेर बघायचा. धूळघाटचं ते वळण, जिथे गाडी स्वतःच्याच रुळावरून वर येते, तेही त्यानंच त्यांना झोपेतून उठवून दाखवलं होतं.

ही गोष्ट ह्यांनीसुद्धा पहिल्यांदाच ऐकली. पुढचा बोगदा आला तेव्हा माझ्या मुलानं काही न बोलता खिशातलं चॉकलेट आजीच्या हातावर ठेवलं. उजेडात त्या हसल्या आणि मग पदरानं डोळे पुसले.

कालाकुंडला दोनअडीच तास मिळतात. स्टेशन छोटं, भोवती डोंगर, पलीकडे चोरल नदी. माकडं भरपूर, त्यामुळे दशम्या डब्यातच उघडाव्यात. धावपळीचं बघण्यासारखं काही नाही आणि तेच चांगलं आहे. मुलं इंजिनापाशी गेली, नणंद द्रोण आणायला, आणि सासूबाईंनी सावलीत बसून अकोल्याला भावजयीला फोन लावला. भाऊ गेल्यापासून दोघी सणावारीच बोलायच्या. तो फोन पाऊण तास चालला.

रविवारी मांडू करायचं ठरलं होतं, ते रद्द केलं. त्याऐवजी मोरटक्क्याला नर्मदेवर गेलो, कारण गाडी पुलावर आली की नाणं टाकायचं ही सासूबाईंची सवय. ह्या वेळी त्यांनी दोन नाणी टाकली. दोन दिवसांत तीन ठिकाणं बसवणारे लोक मला माहीत आहेत. ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर एका दिवसाला एकच गोष्ट ठेवा, उरलेला वेळ आपोआप भरतो.

भावजय दिवाळीनंतर इंदूरला यायची आहे, तिलाही घाट बघायचाय. गाडी नोव्हेंबरात धावणार का, ते अजून बघायचंय. बिलिमोरा-वघई जानेवारीत, बडोद्याच्या मुलांच्या परीक्षा संपल्या की. स्टूल तेव्हाही न्यायचंय.