'डॉट ए'ला पिक कशाला?

"अहो, ही स्टॅटिक लायब्ररी आहे. हिला पिक कशाला?" टूलचेन स्वतः बांधणाऱ्यांच्या गप्पांत हे वाक्य आलं नाही असं होत नाही. नवशिका बोलला तर समजू शकतं. पण वर्षानुवर्षं सी लिहिणारी माणसंही हेच ठणकावून सांगतात आणि बिल्ड स्क्रिप्टमधला -एफपिक हा फ्लॅग फालतू समजून उडवतात. पुढे कधीतरी लिंकर अडतो: आर_एक्स86_64_32 हे रिलोकेशन शेअर्ड ऑब्जेक्टमध्ये चालणार नाही, -एफपिक लावून पुन्हा कंपाइल करा. मग शिव्या खातो बिचारा लिंकर!

आधी पिक म्हणजे काय ते पाहू. पोझिशन इंडिपेंडंट कोड, म्हणजे मेमरीत कुठेही ठेवला तरी चालणारा कोड. माउलींच्या पालखीत दिंडीचा पत्ता कसा सांगतात? 'रथापुढे अमुक क्रमांक' किंवा 'रथामागे अमुक क्रमांक'. पालखी सासवडला असो की फलटणला, पत्ता तोच राहतो, कारण तो गावावरून नाही, रथावरून मोजलेला असतो. याउलट 'सासवडच्या शाळेचं मैदान' हा पत्ता मुक्काम हलला की बाद. पिक कोडमधले पत्ते रथावरून मोजलेले असतात. पिक नसलेल्या कोडमध्ये मैदानाचं नाव कोरलेलं असतं. एक्स86-64 वर हे नाव बहुधा 32 बिटांत कोरलेलं असतं. शेअर्ड लायब्ररी मात्र 4 जीबीच्या पलीकडेही लोड होते, आणि तो पत्ता 32 बिटांत मावत नाही. लिंकर अडतो तो म्हणूनच.

गैरसमज: पिक फक्त शेअर्ड लायब्ररीसाठी, म्हणजे 'डॉट एसओ'साठी; स्टॅटिकला, म्हणजे 'डॉट ए'ला लागत नाही.

वस्तुस्थिती: पिक लागतो की नाही, हे फाइलच्या शेपटावरून ठरत नाही. तो कोड शेवटी कुठे जाऊन बसणार, यावरून ठरतं. 'डॉट ए' म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींचं गाठोडं. त्यातली फाइल उचलून लिंकर एक्झिक्युटेबलमध्ये टाकेल किंवा 'डॉट एसओ'मध्ये. गाठोडं बांधणाऱ्याला ते आधी कळत नाही.

कंपायलरच्या रनटाइम लायब्ररीबाबत तर शंकेला जागाच नाही. एक्स86-64 वर दोन 128 बिटी संख्यांचा भागाकार लिहा. तो एका सूचनेत करणारं हार्डवेअर नाही, म्हणून कंपायलर गुपचूप __यूडिव्हटीआय3 सारख्या फंक्शनला हाक मारतो. ते फंक्शन जीसीसीच्या लिबजीसीसीत किंवा एलएलव्हीएमच्या कंपायलर-आरटीत असतं. तुम्ही ते मागितलेलं नसतं, तुमच्या सोर्समध्ये त्याचं नावही नसतं. पण तुमचा भागाकार 'डॉट एसओ'मध्ये असेल, तर ते फंक्शनही त्याच 'डॉट एसओ'मध्ये येऊन बसतं. थोडक्यात, ही नावाची स्टॅटिक लायब्ररी यंत्रावरच्या कुठल्याही शेअर्ड लायब्ररीच्या पोटात जाऊ शकते. तिला पिक नको म्हणणं म्हणजे मीठ फक्त आमटीसाठी दळायचं, भाजीचं नंतर बघू, असं म्हणण्यासारखं आहे.

"पण माझ्याकडे पिकशिवाय चाललं की!" चाललं असेल. निव्वळ भागाकार करणारं फंक्शन ना तक्ता वापरतं ना ग्लोबल व्हेरिएबल. त्यात कोरण्याजोगा पत्ताच नाही, म्हणून ते पिक नसतानाही निभावतं. प्रोफाइलिंगच्या रनटाइमला मात्र फाइलचं नाव लागतं, तक्ते लागतात. तिथे पहिल्याच स्ट्रिंगपाशी बिंग फुटतं. दहा फंक्शनं निभावली म्हणून अकरावं निभावेल, हा हिशोब अभियांत्रिकीचा नव्हे, मटक्याचा.

या समजाचा उगम मात्र अगदीच हवेतला नाही. डेबियनच्या धोरण-पुस्तिकेत स्टॅटिक लायब्ररी पिकशिवाय बांधण्याचा नियम होता, अपवादाला वाट ठेवून. लिबटूल आजही एकच सोर्स दोनदा कंपाइल करतं: 'डॉट एसओ'साठी पिक लावून, 'डॉट ए'साठी न लावता. सीमेकमध्येही शेअर्ड लायब्ररीला पिक आपोआप मिळतो, स्टॅटिकला सांगावा लागतो. सर्वसाधारण लायब्ररीसाठी हे सगळं ठीक आहे. चूक होते ती तोच नियम रनटाइमला लावताना. लिनक्सवर खुद्द जीसीसीवाले लिबजीसीसीचं गाठोडं पिक लावूनच बांधतात. सुरुवातीच्या फाइलींसाठी त्यांनी वेगळे अवतारच ठेवले आहेत: साध्या एक्झिक्युटेबलला सीआरटीबिगिन, शेअर्ड आणि पाय (पोझिशन इंडिपेंडंट एक्झिक्युटेबल) यांसाठी सीआरटीबिगिन-एस, पूर्ण स्टॅटिकसाठी सीआरटीबिगिन-टी.

आता उरलेले गैरसमज झटपट.

'पिकने कोड फार मंदावतो.' 32 बिटी एक्स86 वर खरं होतं. तिथे पत्ता काढण्यातच एक रजिस्टर अडकून पडायचं. एक्स86-64 ला चालू सूचनेवरून पत्ता मोजण्याची सोय जन्मजात आहे, तिथे फरक किरकोळ.

'फ्लॅगमधलं पिक स्मॉल अक्षरांत असो की कॅपिटल, एकच.' एक्स86 वर एकच. जीसीसीच्या मॅन्युअलप्रमाणे स्मॉल पिकला ग्लोबल ऑफसेट टेबलची मर्यादा असते: स्पार्कवर 8 के, एआर्च64 वर 28 के. रनटाइमसाठी कॅपिटलच लावा.

'डिस्ट्रो पाय डिफॉल्ट देते, मग पिक आलाच.' नाही. पायचा कोड एक्झिक्युटेबलपुरता असतो, बाहेरचं व्हेरिएबल आपल्याच घरातलं आहे असं तो धरून चालतो. पिक पायमध्ये चालतो, उलटं चालेलच असं नाही. दोन्ही फ्लॅग दिले तर शेवटचा जिंकतो, म्हणून क्रम तपासा.

'स्टॅटिक एक्झिक्युटेबलला तरी नकोच.' स्टॅटिक-पाय नावाचा प्रकार आहे; जीलिबसीमध्ये तो 2.27 पासून, म्हणजे 2018 पासून आहे.

'मग सरसकट सगळीकडे लावून टाकू.' तेही नको. विंडोजच्या एमएसव्हीसी टार्गेटवर क्लँग हा फ्लॅग चक्क नाकारतो. म्हणून कंपायलर-आरटीची बिल्ड आधी फ्लॅग चालतो का ते विचारते, मग लावते.

'32 बिटीवर लिंक झालं, म्हणजे बरोबर.' तिथे लिंकर टेक्स्ट रिलोकेशन खपवून घेऊ शकतो आणि मग कोडची पानं लोड करताना दुरुस्त करावी लागतात. अँड्रॉइड 6.0 पासून त्या आवृत्तीला टार्गेट करणाऱ्या अ‍ॅपमधली अशी लायब्ररी लोडच होत नाही.

वाद घालण्यापेक्षा तपासणं सोपं आहे. तुमच्या एक्स86-64 च्या गाठोड्यावर 'रीडएल्फ -आर' चालवा. डीबग सेक्शनमध्ये आर_एक्स86_64_32 दिसलं तर सोडून द्या, ते तिथे असायचंच. पण टेक्स्ट सेक्शनच्या नोंदीत ते किंवा त्याचा 32एस हा भाऊ दिसला, तर ती लायब्ररी पिक नाही. ती पुन्हा बांधा, आणि मगच लोकांच्या हातात द्या.