ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी

नाशिकची महाराष्ट्र पोलीस अकादमी मूळची आपल्या पुण्यातल्या भांबुर्ड्याची. १९०६ साली पोलिसांची ती शाळा इथे निघाली आणि तीनच वर्षांत नाशिकला गेली. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्था आली (१९३०), कर्वे समाजसेवा संस्था आली (१९६३), पोलीस आयुक्तालय झाले (१९६५), पाषाण रस्त्यावर पोलिसांचे स्वतःचे संशोधन केंद्रही उभे राहिले. आयोग, समित्या आणि परिसंवाद यांचा हिशेब इतरांनी पुष्कळदा मांडला आहे, त्यात मी शिरत नाही. एवढ्या संस्था हाकेच्या अंतरावर असताना अभ्यासकाची खुर्ची ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी कायमची का पडली नाही, हे माझे चाळीस वर्षांचे शल्य आहे.

या विषयात १९८४ साल मला फार मोलाचे वाटते. त्या वर्षी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातला प्रयोग छापून आला. घरात मारहाण करणाऱ्याला समज देऊन सोडावे की अटक करावी, हे तिथल्या पोलिसांनी स्वतः न ठरवता जणू चिठ्ठी टाकून ठरवू दिले. अटक झालेल्या पुरुषांनी पुन्हा हात उचलण्याचे प्रमाण कमी निघाले. नंतर इतर शहरांत तोच प्रयोग झाला, तेव्हा निष्कर्ष सगळीकडे टिकला नाही. मिलवॉकीत बेकार पुरुषांच्या बाबतीत तर तो उलटा पडला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातल्या सारडा खटल्यात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रे घालून दिली. वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. आणि त्याच वर्षी मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला.

या तिसऱ्या घटनेवर माझा जीव आहे. विवाहितेच्या छळाचे ४९८-अ कलम येऊन जेमतेम वर्ष होत होते. कायदा हाती आला, पण दारात उभ्या राहिलेल्या बाईशी बोलायचे कसे, हे कलमात लिहिलेले नव्हते. संस्थेने प्रशिक्षित समाजकार्यकर्ती थेट पोलिसांच्या छताखाली बसवली. ती पोलीस नव्हती, पण पोलिसांना परकीही नव्हती. बाईचे सगळे ऐकून घ्यायचे, तक्रार लिहायला मदत करायची, सासरच्यांना बोलावून समोरासमोर बसवायचे, स्त्रीधन परत मिळवून द्यायचे. वर्गात शिकलेले सकाळी वापरायचे आणि संध्याकाळी वर्गाला परत सांगायचे. पुढे राज्य शासनाने हे काम आपल्याकडे घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. शिक्षण आणि पोलीसकाम यांची अशी सोयरीक मी दुसरी पाहिलेली नाही.

त्याच सुमारास मी पेठेतल्या एका ठाण्यात महिनाभर बसत असे. एनसीचे, म्हणजे अदखलपात्र तक्रारींचे पुस्तक, मध्ये कार्बन, आणि हवालदाराचे ठरलेले वाक्य: ‘हाताबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ केली.’ कुणाला लाटण्याने मारलेले असे, कुणाला रात्रभर जिन्यात उभे केलेले असे. कागदावर सगळ्या सारख्याच. मी विचारले तर म्हणाला, “सर, कलमात बसेल तेवढंच लिहायचं.” एक बाई निघून गेली तेव्हा मान न उचलता म्हणाला, “ही परत येणार.” तिसऱ्या आठवड्यात ती आली, हात प्लास्टरमध्ये. त्याला कसे कळले? “नवऱ्याचं काम सुटलंय, आणि या वेळी पोरगं बरोबर आणलं नव्हतं.” मिलवॉकीच्या विद्वानांना जे पुढे सापडले, त्याचे एक टोक या माणसाच्या हाती होते.

काही मित्र म्हणतात, आता सीसीटीएनएस ही पोलिसांची नोंदप्रणाली आहे, सगळे संगणकावर आहे. पण तिथेही शिरते ते हाताबुक्क्यांचेच वाक्य. निवृत्त अधिकारी म्हणतात, पोलीसकाम रस्त्यावरच शिकायचे असते. कबूल, पण रस्त्याने शिकवलेले लिहून कोण ठेवणार?

महाराष्ट्राबाहेर अशी कामे झाली. राजस्थानात पोलीस ठाण्यांतल्या प्रयोगासाठी अर्थशास्त्रज्ञ बॅनर्जी-डुफ्लो मंडळींना आयपीएस अधिकारी नीना सिंह यांची साथ मिळाली. प्रशिक्षणाने फरक पडला, तर लोकनिरीक्षक नेमून पडला नाही, हेही त्यांनी सांगितले. मध्य प्रदेशात १८० ठाण्यांत महिला मदत कक्षांचा अभ्यास झाला. तक्रारींची नोंद वाढली, विशेषतः कक्षात महिला पोलीस होत्या तिथे.

आपल्याकडचे तरुण अभ्यासक आकडे मागवतात, तक्ते करतात, आणि ठाण्याची पायरी चढत नाहीत. जुलै २०२४ पासूनच्या कायद्यात सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, हे चांगलेच झाले. पण एनसी लिहिल्या जातात त्या टेबलाकडे अजून कुणीच जात नाही.

त्या हवालदाराकडे एक छोटी वही होती. गल्लीनिहाय घरे, आणि परत बाई येईल असे वाटे त्या घरापुढे फुली. तो निवृत्त झाल्यावर मी वहीची चौकशी केली. म्हणाला, “घरीच आहे, सर. ती काही ठाण्याचा कागद नव्हती. आणि माझ्या जागी आलेल्यानं मागितली नाही.”